नोकरी शोधायला शिकवणारी साठीपुढची जोडपी

अमेरिकेत राहिलेल्या मराठी माणसाने ती पोरं नक्की पाहिलेली असतात. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी, वय अठरा-एकोणीस, आणि कायम दोघं-दोघं. चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणून ओळखतात, त्या पंथाची ही मिशनरी मुलं. तशीच काळी पट्टी लावून घराबाहेर पडणारी साठी-सत्तरीतली नवरा-बायकोची जोडपीही असतात, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. दारोदार फिरणं हे त्यांचं काम नव्हे. त्यांतल्या काहींकडे तर एकच काम सोपवलेलं असतं: ज्याची नोकरी गेली आहे किंवा ज्याला कधी धड मिळालीच नाही, त्याच्या शेजारी बसायचं आणि त्याला काम शोधायला शिकवायचं.

माझी बरीच वर्षं नोकरभरतीच्या कामात गेली. चांगली, कष्टाळू माणसं मुलाखतीत दोन वाक्यं धड न बोलता आल्यामुळे परत जाताना मी पाहिली आहेत. काम करता येणं आणि काम मिळवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट आपल्याला कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. या जोडप्यांची पद्धत मी धर्माच्या अंगाने नाही, कामाच्या अंगाने पाहतो, आणि ती मला मनापासून पटते. का, ते नीट सांगतो.

हे सुरू कसं झालं

मूळ १९३० च्या दशकातल्या महामंदीत आहे. या पंथाचं मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत. १९३३ साली युटात काम करू शकणाऱ्या दर तीन माणसांमागे एकाहून जास्त बेकार होता. शहराच्या पश्चिमेकडच्या कामगारवस्तीत पायोनियर स्टेक नावाचा विभाग होता, आणि त्याचा प्रमुख होता हॅरल्ड बी. ली हा तिशीतला माणूस. त्याच्या विभागातल्या निम्म्याहून अधिक लोकांना काम नव्हतं. दुसरीकडे, भोवतालच्या शेतकऱ्यांचं पीक उभं होतं, पण मालाला भाव नव्हता आणि काढणीची मजुरी द्यायला पैसे नव्हते. लीने बेकार माणसं शेतावर पाठवली. मजुरी म्हणून पिकाचाच वाटा ठरवला. तो माल एका गोदामात यायचा आणि गरजूंच्या घरी जायचा. १९३६ मध्ये चर्चने हीच कल्पना सगळीकडे लागू केली. त्या वेळचे अध्यक्ष हीबर जे. ग्रँट यांनी हेतू स्पष्ट सांगितला होता: नुसती मदत वाटायची नाही, लोकांना स्वतःच्या पायावर उभं राहायला मदत करायची. हा ली पुढे १९७२ साली स्वतः चर्चचा अध्यक्ष झाला.

त्यानंतर एकेक भर पडत गेली. १९३८ साली डेझरेट इंडस्ट्रीज ही वापरलेल्या वस्तूंची दुकानं निघाली. तिथे जुने कपडे, फर्निचर विकलं जातं, पण दुकानाचा खरा उद्देश तिथे काम करणाऱ्या माणसाला काही काळ शिकवून बाहेरच्या नोकरीसाठी तयार करणं हा असतो. २००१ मध्ये अध्यक्ष गॉर्डन बी. हिंकली यांनी गरीब देशांतल्या तरुण सदस्यांना धंदेशिक्षणासाठी कर्ज देणारा फंड सुरू केला. कर्ज फेडायचं, म्हणजे तेच पैसे पुढच्या मुलाला मिळतात. याचं नाव आणि तत्त्व १८४९ च्या एका जुन्या फंडावरून घेतलेलं आहे. त्या फंडाने युरोपातल्या हजारो गरीब अनुयायांना युटापर्यंत येण्यासाठी उसने पैसे दिले होते.

पैसा कुठून येतो, हेही सांगायला हवं. महिन्यातल्या एका रविवारी सदस्य दोन वेळचं जेवण सोडतात आणि वाचलेल्या पैशाइतकी, शक्य असेल तर जास्त, रक्कम स्थानिक बिशपकडे देतात. बिशप हा पगारी धर्मगुरू नसतो; तो दिवसा दंतवैद्य असेल, नाहीतर प्लंबर. एखाद्या घरातली कमाई थांबली की पहिली खबर त्याला लागते. भाडं, किराणा यांची तात्पुरती सोय तो पाहतो. पण काम शोधून देणं त्याच्या आवाक्यातलं नसतं, वेळही नसतो. तिथे हे जोडपं उपयोगी पडतं.

जोडपं जातं कसं

तरुण मुलांना कुठे जायचं ते निवडता येत नाही. मुलगे २४ महिने, मुली १८ महिने, पत्र येईल तिथे. ज्येष्ठ जोडप्यांचे नियम सैल आहेत. घरात सांभाळायची मुलं नसावीत, तब्येत ठीक असावी. मुदत ६ महिन्यांपासून २३ महिन्यांपर्यंत. कुठलं काम आवडेल, कुठे जायला जमेल, हे ते सांगू शकतात, पण शेवटचं पत्र मुख्यालयातूनच येतं. पगार नसतो. भाडं, जेवण, गाडीचं पेट्रोल सगळं त्यांच्या खिशातून. २०११ पासून घरभाड्यावर एक कमाल मर्यादा आहे. त्यावरचा खर्च चर्च सोसतं, नाहीतर टोकियो किंवा लंडनला जाणं फक्त श्रीमंतांनाच परवडलं असतं. आधी थोड्या दिवसांचं प्रशिक्षण होतं, मग नेमणूक. नातवंडांना फोन करायला, सुट्टीच्या दिवशी गाव बघायला मोकळीक असते. सत्तरीतल्या आजोबांनाही ‘एल्डर’ म्हणतात आणि एकोणीस वर्षांच्या पोरालाही, आणि आजींना ‘सिस्टर’. पहिल्या नावाने कुणी हाक मारत नाही.

रोजगाराच्या कामावर आलेल्या जोडप्यासमोर दोन प्रकारची कामं असतात. एक, चर्चच्या रोजगार केंद्रात बसणं: आलेल्या माणसाची नोंद, बायोडेटा, मुलाखतीचा सराव, आणि गावातल्या कंपन्यांना फोन करून कुणाला माणसं हवी आहेत ते विचारणं. दुसरं, विशेषतः अमेरिकेबाहेर: स्थानिक माणसं तयार करणं, म्हणजे जोडपं परत गेल्यावरही नोकरी शोधणाऱ्यांचे गट चालू राहतील. माझ्या मते दुसरं काम अधिक मोलाचं आहे, आणि अधिक अवघडही, कारण त्यात स्वतः मागे राहावं लागतं. आयुष्यभर हुकूम सोडलेल्या माणसाला ते सहज जमत नाही.

खुर्चीवर बसलेल्या माणसाकडून काय काढून घेतात

मुख्य गंमत इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

समजा, गोदामात नऊ वर्षं काम केलेला एक माणूस आला. कंपनी बंद पडली. त्याला विचारलं, काय काम करायचात? तो म्हणतो, “विशेष काही नाही. माल उतरवायचो, चढवायचो.” बायोडेट्यातही तेवढंच लिहिलेलं. भरतीच्या टेबलावर असा कागद आला की तो दहा सेकंदांत बाजूला पडतो. मी स्वतः तसे शेकड्यांनी बाजूला सारले असतील.

आजी विचारतात, दिवसाला किती ट्रक? “पंधरा-सोळा.” नवीन मुलगा आला की त्याला कोण शिकवायचं? “मीच. सगळ्यांना माझ्याकडेच पाठवायचे.” का बरं? “माझ्याकडून माल चुकीच्या गाडीत जात नसे.” आधी जायचा? “हो, आठवड्याला चार-पाच तरी. मग मी दारावर रंगाच्या पट्ट्या लावल्या. त्यानंतर महिन्याला एखादा.” कुणी सांगितलं होतं पट्ट्या लावायला? “कुणी नाही.”

आजोबा हे सगळं लिहून घेत असतात. आता त्यातून चार पायऱ्यांचं एक विधान तयार होतं: मला काय येतं, त्याचं उदाहरण, त्याचा परिणाम (आकड्यात), आणि तुमच्याकडे त्याचा काय उपयोग. “माल पाठवण्यातल्या चुका कमी करणं मला जमतं. मागच्या गोदामात मी दारांना रंगाच्या पट्ट्या लावण्याची पद्धत सुरू केली. आठवड्याला चार-पाच चुका व्हायच्या, त्या महिन्याला एकावर आल्या. तुमच्याकडे नवीन गोदाम सुरू होतंय, तिथे पहिल्या दिवसापासून ही शिस्त लावू शकतो.” यात खोटं एक अक्षर नाही. माणूसही तोच आहे. फक्त त्याच्याजवळ जे होतं ते कुणीतरी धीराने विचारलं.

हे विचारायला वय लागतं, असं माझं ठाम मत आहे. पंचविशीतला सल्लागार साचा पुढे करतो: इथे कौशल्य लिहा, इथे अनुभव लिहा. साठी ओलांडलेल्या माणसाने स्वतः नोकऱ्या केलेल्या असतात, माणसं नेमलेली असतात, कधी स्वतःचीही गेलेली असते. शिवाय समोरच्याला शरम कमी वाटते. बेकारीत माणूस घरच्यांशी खोटं बोलतो, मित्रांना टाळतो. परक्या आजी-आजोबांपुढे मात्र बोलून जातो. आणि दोघं असल्याचा फायदा असा, की एकाने ऐकावं, दुसऱ्याने लिहावं. एकाने धीर द्यावा, दुसऱ्याने टोकावं.

या विधानांतून पुढे तीस सेकंदांची ओळख बनवतात: नाव, कुठलं काम शोधतोय, त्याला आधार देणारं एक विधान, आणि शेवटी एक प्रश्न. हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. “तुमच्याकडे नोकरी आहे का?” असं विचारायचंच नाही. त्याला “नाही” म्हणून समोरचा मोकळा होतो. विचारायचं: “या क्षेत्रातली कोण माणसं तुमच्या ओळखीत आहेत, ज्यांच्याशी मी बोलू शकेन?” त्यावर नाव मिळतं. त्या नावाकडून आणखी दोन.

आपल्याकडे याला लगेच वशिल्याचा वास येतो. चीड रास्त आहे, पण इथे गोष्ट वेगळी आहे. वशिल्यात लायकी बाजूला ठेवून जागा मिळवायची असते. इथे फक्त बातमी मिळवायची असते, जागा कुठे निघणार आहे, कुणाशी बोलायचं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७० च्या सुमाराला बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं. ओळखीतून नोकरीची खबर लागलेल्यांपैकी, खबर देणाऱ्याला नेहमी भेटणारे सुमारे १७ टक्केच निघाले. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून लागली होती. कारण साधं आहे: जिवलग मित्राला जे माहीत आहे ते आपल्यालाही माहीतच असतं. जुना सहकारी, मुलाच्या मित्राचे वडील, पूर्वीच्या सोसायटीतले शेजारी यांच्याकडे वेगळ्या जगाच्या बातम्या असतात. आणि नेमकं त्यांनाच फोन करायला आपण लाजतो.

पंधरा, दहा, दोन

या केंद्रांत शिकवला जाणारा एक रोजचा नियम आहे. दिवसाला १५ नवीन ठिकाणं किंवा माणसं शोधून यादीत घालायची. त्यांतल्या १० जणांशी संपर्क करायचा. आणि २ जणांना प्रत्यक्ष, समोरासमोर भेटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ऐकायला सोपं, करायला जड. बहुतेक बेकार माणसं दिवसभर संकेतस्थळांवर अर्ज भरत बसतात आणि संध्याकाळी थकतात. अर्ज भरणं सोपं, कारण तिथे कुणी तोंडावर नकार देत नाही. उत्तरही येत नाही. नियमातला दोनचा आकडा त्यांना खुर्चीतून उठवतो. सकाळी आंघोळ करून, नीट कपडे घालून, कुठेतरी वेळेवर पोचावं लागतं. काम गेलं की आधी पैसा जातो आणि पाठोपाठ दिवसाची घडी विस्कटते. ऑस्ट्रियातल्या मारियेन्टाल गावची गिरणी मंदीत बंद पडली तेव्हा संशोधकांनी तिथल्या लोकांचं बारकाईने निरीक्षण केलं. हातात वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून नेलेली पुस्तकं कमी झाली, आणि पुरुषांची रस्त्यावरची चालही मंदावली होती. ज्यांच्या घरी कुणी वर्षभर बेकार आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून गट. गेल्या दशकापासून या चर्चने स्वावलंबनाचे गट सुरू केले आहेत. त्यातला एक चांगली नोकरी शोधण्यासाठी आहे, बाकीचे छोटा धंदा, शिक्षण, घरखर्च अशा विषयांचे. नोकरीच्या गटाची आठवड्यातून एकदा बैठक, अशा १२. शिक्षक नसतो, फक्त बैठक पुढे नेणारा एक जण असतो. त्याला मुद्दाम सांगितलेलं असतं की व्याख्यान देऊ नकोस. खुर्च्या टेबलाभोवती. सुरुवातीलाच प्रत्येकाने सांगायचं, मागच्या आठवड्यात कबूल केलेलं केलं की नाही. मधल्या दिवसांत एकाने दुसऱ्याला फोन करून विचारायचं. जोडपं कोपऱ्यात बसलेलं असतं, बहुतेक वेळ गप्प.

गटाने फरक पडतो हे चर्चबाहेरच्या अभ्यासातूनही दिसलेलं आहे. मानसशास्त्रज्ञ नेथन अझ्रिन यांनी १९७० च्या दशकात इलिनॉय राज्यातल्या कार्बनडेल गावात नोकरी शोधणाऱ्यांचा क्लब चालवून पाहिला. दोन महिन्यांत क्लबमधल्या ९० टक्के लोकांना काम लागलं. स्वतःचं स्वतः शोधणाऱ्या तशाच लोकांपैकी ५५ टक्क्यांना. त्यातही काही जादू नव्हती: रोज एकत्र बसणं, फोन करणं, एकमेकांना खबरी देणं.

जिथे पद्धत तोकडी पडते

ही जोडपी नोकऱ्या निर्माण करू शकत नाहीत. ज्या गावात उद्योगच नाही तिथे तीस सेकंदांची ओळख कितीही घोटली तरी ऐकणारं कोण? घाना किंवा फिलिपिन्ससारख्या देशांत म्हणूनच स्वतःच्या छोट्या धंद्याच्या गटाला महत्त्व येतं. शिवाय आयडाहोतून आलेल्या निवृत्त माणसाला मनिलात पगार किती, मध्यस्थ किती घेतो, बाईने रात्रपाळी केली तर घरी काय होतं, हे कसं कळणार? शहाणं जोडपं पहिले काही महिने फक्त विचारत राहतं. तसं न करणारं जोडपं अमेरिकेतला सल्ला तिथे वाटून परत येतं, आणि त्याने कुणाचं भलं होत नाही. बायोडेटा आता आधी संगणक चाळतो, मग माणूस. तेही या वयात नव्याने शिकावं लागतं.

धर्माचा प्रश्नही सरळ बोलायला हवा, कारण मिशनरी म्हटलं की आपल्याकडे पहिला विचार तोच येतो. स्वावलंबनाच्या गटात प्रार्थना असते, श्रद्धेवरचा एक भाग असतो. तो लपवलेला नसतो. केंद्रांतली नोकरीची मदत मात्र कुठल्याही धर्माच्या माणसाला खुली आणि मोफत असते, त्यासाठी पंथात यावं लागत नाही. मराठी मुलखात या पंथाचं पाऊल तसं जुनं आहे: १८५२ साली ह्यू फिंडले हा त्यांचा प्रचारक मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यालाही राहिला, पण तिथे काही रुजलं नाही. आज भारतातलं त्यांचं काम मुख्यतः दक्षिणेत, हैदराबाद-बेंगळुरूकडे आहे. प्रार्थनेच्या वेळी गप्प बसून बाकीचं शिकून घ्यायला कुणाची हरकत नसते, असं मला वाटतं. ज्याला तेही नको असेल त्याने ही पद्धत उचलून आपल्या सभागृहात चालवावी. पद्धतीवर कुणाची मालकी नाही. बँकेतून, एसटीतून, शाळांतून निवृत्त झालेली किती तरी जाणती जोडपी आपल्या तालुक्यांत आहेत, आणि पदवी हातात घेऊन घरी बसलेली पोरंही तिथेच आहेत. या दोघांची आठवड्यातून एकदा गाठ पडायला इमारत किंवा अनुदान लागत नाही. मला हे मनापासून व्हावंसं वाटतं.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना ही पद्धत सर्वांत जास्त लागते ती एच-वन-बी व्हिसावरची नोकरी गेल्यावर. तेव्हा हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीची, मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज दाखल करायला हवा, नाहीतर दुसरा व्हिसा किंवा परतीचं तिकीट. मिळेल ते काम धरून तग धरायचीही सोय नाही. यातले कामाचे दिवस साधारण ४२. पंधरा-दहा-दोनचा नियम पाळला तर ८० च्या वर समोरासमोरच्या भेटी होतात. दूरच्या शहरातली कंपनी असेल तर व्हिडिओवरची भेट धरा, पण तोंड दिसलं पाहिजे.

पहिले दोन दिवस शोक करण्यात न घालवता यादी करावी: पूर्वीच्या कंपन्यांतले सहकारी, कॉलेजची बॅच, महाराष्ट्र मंडळातली माणसं, मुलांच्या शाळेतले पालक. नोकरी गेल्याचं लपवू नये. लपवलं की ती माणसं यादीतून आपोआप गळतात, आणि खबर बहुधा त्यांच्याकडेच असते. बायको किंवा नवऱ्याला रोज रात्री आकडे सांगावेत, किती शोधली, किती फोन, किती भेटी. ‘प्रयत्न चालू आहेत’ एवढ्यावर भागवू नये. एखादी मुलाखत छान झाली की लोक दोन आठवडे हातावर हात ठेवून निरोपाची वाट बघतात, आणि सर्वांत जास्त दिवस इथेच वाया जातात. ऑफर लेटर हातात पडून कंपनीच्या वकिलाने अर्ज दाखल केल्याची पावती येईपर्यंत रोजची यादी चालू ठेवायची. मग ज्यांनी ज्यांनी नावं दिली, त्या प्रत्येकाला फोन करून कुठे लागलो ते सांगायचं. पुढच्या महिन्यात त्यांच्यातल्याच कुणाची नोकरी गेली तर तो आपल्याला फोन करायला कचरणार नाही.